दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटाच्या लढाईत झीरो हे लढाऊ विमान सरस असूनही जपानला आकाश का जिंकता आलं नाही?

मुख्य कारण अंतर. जपानी विमानं राबाउलच्या जपानी तळावरून उडायची, तिथून ग्वाडलकॅनाल हजारेक किलोमीटर. प्रत्यक्ष लढायला झीरोकडे जेमतेम काही मिनिटांचं इंधन उरे. अमेरिकन वाइल्डकॅट लढाऊ विमानं मात्र बेटावरच्याच हेंडरसन फील्ड या धावपट्टीवरून उडत. त्यात वाटेतल्या बूगनव्हिल बेटावर दडून बसलेले दोस्त राष्ट्रांचे टेहळे रेडिओवरून आधीच वर्दी देत, म्हणून चढायला संथ असलेल्या वाइल्डकॅटना उंची गाठता येई. मग वरून झेप, एक फैर आणि खाली पसार. झीरोशी घिरट्या घालत लढणं म्हणजे मरण, हे अमेरिकन वैमानिकांना पक्कं ठाऊक होतं. उलट झीरोला ना चिलखत, ना गोळीचं भोक आपोआप बुजवणारी टाकी. नेमकी फैर बसली की पेट घ्यायचं. जखमी जपानी वैमानिकापुढे परतीचा सगळा समुद्र असे. साबुरो साकाई ७ ऑगस्ट १९४२ ला डोक्यात गोळी लागूनही चार तासांहून जास्त उडत राबाउलला पोहोचला, पण तो अपवादच.

एक मात्र लक्षात घ्या, अमेरिकेचं हे वर्चस्व दिवसापुरतंच होतं. रात्री समुद्र जपान्यांचा. १३-१४ ऑक्टोबरच्या रात्री कोंगो आणि हारुना या युद्धनौकांनी हेंडरसन फील्ड तोफांनी भाजून काढलं.