चारही इंडिकेटर एकदम का लागतात?

प्रश्न : ताई, माझ्या मोटरसायकलचे चारही इंडिकेटर काढून मी एलईडी बसवले. आधीचे बल्ब १० वॅटचे होते. बसवल्या बसवल्या दिवे भराभरा फडफडायला लागले, म्हणून एलईडीवर चालणारा फ्लॅशर रिले, म्हणजे दिवे लुकलुकवणारा भाग, आणला. वेग जागेवर आला, पण आता डावीकडे स्विच सारला की चारही दिवे लागतात आणि उजवीकडे सारला तरी चारही. वायर तीनदा तपासल्या, शॉर्ट कुठेच सापडत नाही. मेकॅनिक म्हणतो, सगळं वायरिंगच नवीन टाका. टाकू का?

उत्तर : अजिबात टाकू नका. तुमचं वायरिंग धडधाकट आहे.

आधी मला एक सांगा, मीटरशेजारी इंडिकेटरचा दिवा एकच आहे ना? डाव्यासाठी वेगळा बाण, उजव्यासाठी वेगळा, असं नाही? मग दोष तिथेच आहे. त्या छोट्या दिव्याचा होल्डर मागून ओढून बाहेर काढा आणि पुन्हा स्विच सारून बघा. डावीकडे डावेच लागले, उजवीकडे उजवेच, तर निदान झालं. या तपासणीला मिनिटसुद्धा लागत नाही, आणि हे मी ठासून सांगते, कारण मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यापायी माझे दोन दिवस गेले होते. टाकी उतरवली, हेडलाइटची वाटी मोकळी केली, वायरिंगवरची टेप हातभर सोलली. तुमच्यासारखाच शॉर्ट शोधत होते. मीटर हलवताना तो होल्डर चुकून निसटला आणि मागचा उजवा दिवा पटकन गप्प झाला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

घडतं काय ते बघा. एकच दिवा असलेल्या बऱ्याच गाड्यांत त्या दिव्याला स्वतःची अर्थ, म्हणजे गाडीच्या धातूतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट, नसते. त्याची एक वायर डाव्या बाजूच्या लाइनला जोडलेली असते आणि दुसरी उजव्या. डावीकडे वळताना वीज डावीकडून या दिव्यात येते, त्यातून उजव्या लाइनमध्ये जाते आणि उजवीकडच्या बल्बांच्या तारेतून अर्थला परतते. उजवीकडे वळताना हेच उलट्या दिशेनं. मीटरमधला दिवा दोन-तीन वॅटचा, त्यातून जाणारा करंट पाव अँपिअरच्या आतला. १० वॅटचा बल्ब पेटायला प्रत्येकी पाऊण अँपिअरहून जास्त लागतो. त्यामुळे त्या बाजूचे बल्ब वीज जाऊ देतात, पण स्वतः पेटत नाहीत. बंद असतानाही ते परतीची वाट म्हणून कामाला असतात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता तिथे एलईडी आला. त्याला मुळात विजेची भूकच कमी. जो करंट बल्बच्या तारेला लालसुद्धा करू शकत नव्हता, त्यावर एलईडी लख्ख लागतो. म्हणून चारही दिवे. मीटरमधला दिवा स्वतः मात्र मंद दिसतो किंवा लागतच नाही. तुमच्याकडेही तसंच होत असणार.

उपाय म्हणजे दोन डायोड. १एन४००७ या नंबरचा साधा काळा डायोड घ्या, एक अँपिअरचा असतो, या कामाला पुरून उरतो. त्याच्या एका टोकाला रुपेरी पट्टा असतो. वीज पट्ट्याच्या दिशेनं जाते, उलट येत नाही. मीटरच्या दिव्याच्या दोन्ही वायर लाइनपासून सोडवा. एका डायोडचा बिनपट्ट्याचा पाय डाव्या लाइनला, दुसऱ्याचा बिनपट्ट्याचा पाय उजव्या लाइनला. दोन्ही पट्ट्यांकडचे पाय एकत्र पिळून दिव्याच्या एका वायरला जोडा. दिव्याची उरलेली वायर थेट अर्थला. मीटरमध्ये बल्बऐवजी एलईडी असेल तर डायोडची जोडलेली बाजू त्याच्या पॉझिटिव्हला द्या.

हे नुसतं पिळून, वर टेप गुंडाळून सोडू नका. डायोडचे पाय बारीक असतात. हँडल सतत हलतं, गाडी थरथरते, पाय अंगापाशी तुटतो आणि दोष पुन्हा सुरू. डाख द्या, प्रत्येक डायोडवर स्वतंत्र श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा, मग दोन्ही मिळून एक मोठी स्लीव्ह, आणि ती जुडी जाड वायरला बांधून टाका म्हणजे लोंबकळणार नाही.

तुम्हाला कुणी सांगेल, डायोड कशाला, लोड रेझिस्टर (बल्बएवढी वीज खाणारा रोधक) लावा. रेझिस्टर दिव्याला समांतर लावला की फडफड थांबते आणि चार दिव्यांचा घोळही मिटतो, हे खरं. कारण तो बल्बच्या तारेचीच जागा घेतो. पण ६.८ ओहमचा रेझिस्टर १३.५ व्होल्टवर सुमारे २७ वॅट नुसती उष्णता करून उडवतो. दिवा चालू ठेवून सिग्नलला मिनिटभर थांबलात तर तो हात लावू देत नाही. मागच्या सीटखाली प्लॅस्टिकला चिकटवलेला असा रेझिस्टर मी पाहिला आहे. शेजारच्या तीन वायरींचं आवरण वितळून एक गोळा झालं होतं. ज्या गाड्यांत वेगळा फ्लॅशर रिलेच नसतो, इंडिकेटर थेट कंट्रोल युनिटमधून चालतात, तिथे रेझिस्टरशिवाय अनेकदा इलाज नसतो. तेव्हा तो उघड्या धातूवर स्क्रूनं घट्ट बसवा, प्लॅस्टिक आणि वायरपासून दूर. तुमच्याकडे वेगळा रिले आहे, तो तुम्ही बदललात, तेच योग्य केलंत.

डायोड बसेपर्यंत एक करा, तो मीटरचा होल्डर काढूनच गाडी चालवा. मीटरवर आठवण द्यायला दिवा नसेल, म्हणून स्विच परत मधोमध आणायचं तेवढं ध्यानात ठेवावं लागेल. चारही दिवे एकदम लागलेली गाडी कुठे वळणार हे मागच्याला कळत नाही. तुम्ही थांबलात असं समजून तो बाजूनं पुढे काढतो, नेमका त्याच बाजूनं जिकडे तुम्ही वळताय.

प्रश्न : एलईडीसाठीचा रिले लावूनही माझे दिवे लुकलुकत नाहीत, लागले की लागलेलेच राहतात. जुन्या रिलेला दोन पाय होते, नव्याला तीन आहेत. तिसरा पाय मोकळा ठेवला आहे.

उत्तर : तोच मोकळा पाय जोडायचा आहे. पायांजवळ बारीक अक्षरं कोरलेली असतात. 'बी' म्हणजे बॅटरीकडून येणारी, 'एल' म्हणजे दिव्यांकडे जाणारी, 'ई' म्हणजे अर्थ. काही रिलेवर अक्षरांऐवजी ४९, ४९ए आणि ३१ असे आकडे असतात, क्रम तोच. पण कपलरमधली (रिले ज्यात खोचतात त्या जोडातली) पायांची जागा सगळ्या रिलेत सारखी नसते, म्हणून नुसतं जुन्याच्या खाचेत नवा ढकलू नका.

तुमचा जुना रिले बहुधा पत्तीचा होता. दिव्यांचा करंट पत्तीतून जायचा, पत्ती तापून वाकायची, संपर्क तुटायचा, गार झाली की पुन्हा जुळायचा. तो दिव्यांच्या करंटवरच जगायचा, त्याला वेगळी अर्थ लागत नव्हती. नव्याच्या पोटात इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे, त्याला अर्थ हवी. 'ई' ला चांगली वायर जोडून ती चासिसच्या उघड्या धातूला द्या. एवढ्यानं भागलं नाही तर 'बी' आणि 'एल' उलटसुलट झालेत का बघा. पत्तीला दिशेचं काही नव्हतं, सर्किटला आहे.

चालू झाल्यावर घड्याळ लावून मोजा. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत मिनिटाला ९० वेळा, ३० कमी किंवा ३० जास्त, असं प्रमाण आहे. म्हणजे १५ सेकंदांत १५ ते ३०.

प्रश्न : मागचे दोन्ही एलईडी इंडिकेटर छान चालतात, पण ब्रेक दाबला की मंद होतात, कधी विझतातच. ब्रेक लाइट मात्र बल्बचाच आहे. बॅटरी नवी आहे.

उत्तर : बॅटरीला दोष देऊ नका, मागची अर्थ तपासा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन मागच्या इंडिकेटरच्या अर्थ वायरला. आता ब्रेक दाबा. आकडा ०.२ च्या आत राहिला पाहिजे. अशाच एका गाडीत मला साडेतीन व्होल्ट दिसले होते. म्हणजे अर्थ म्हणवणारी वायर अर्थला पोचतच नव्हती. २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब आणि इंडिकेटर एकाच अडलेल्या वाटेनं परतत होते, बल्बनं ती वाट भरून टाकली की इंडिकेटरच्या वाट्याला व्होल्टेजच उरत नव्हतं.

त्या गाडीचा मागचा मडगार्ड रंगवून परत बसवला होता आणि अर्थचा आयलेट (वायरच्या टोकाची गोल कडी) त्या ताज्या रंगावरच आवळला होता. मी बोल्ट काढला, आयलेटखालचा रंग रुपयाएवढ्या गोलात खरवडून चकचकीत धातू उघडा केला, आवळला आणि वरून ग्रीस लावलं. ब्रेक दाबल्यावर मल्टिमीटरनं ०.०५ दाखवलं. हे नुसतं मल्टिमीटरच्या ओहमवर मोजाल तर फसाल, कारण तिथे वायरमधून करंट जवळजवळ जातच नाही. वायरच्या पोटात एकच धागा शाबूत असला तरी ओहम ठीक दिसतो. लोड टाकूनच, म्हणजे दिवा चालू ठेवूनच, मोजा.

प्रश्न : नवे इंडिकेटर रंगाला रंग जुळवून जोडले. उजवे दोन्ही लागतात, डावे दोन्ही मेलेले. दिवे जळाले का?

उत्तर : जळाले नसावेत, उलटे जोडले गेलेत. दोन्ही डाव्या दिव्यांत प्रत्येकाच्या दोन वायर आपापसांत अदलाबदल करून पाहा.

बाजारातल्या बहुतेक एलईडी इंडिकेटरला काळी वायर निगेटिव्ह असते. पण गाडीची काळी वायर म्हणजे अर्थच, असं नाही. होंडात अर्थ हिरवी, डावी नारिंगी, उजवी आकाशी. यामाहात अर्थ काळी, डावी चॉकलेटी, उजवी गडद हिरवी. सुझुकीत काळी ही डाव्या इंडिकेटरची असते, उजवी पोपटी, आणि अर्थ काळ्यावर पांढरी रेघ. कावासाकीत हिरवी डावी, करडी उजवी, अर्थ काळ्यावर पिवळी रेघ. बघा, जी हिरवी एका गाडीत अर्थ, तीच दुसरीत डाव्या दिव्याची. सुझुकीच्या वायरिंगवर काळीला काळी जोडली की तुमचंच चित्र तयार होतं. बल्बला उलटं-सुलटं चालायचं, एलईडी उलटा जोडला की गप्प राहतो.

म्हणून जुना दिवा काढण्याआधीच टेस्ट लॅम्पचा (वीज तपासायच्या छोट्या दिव्याचा) चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, स्विच सारा आणि प्रत्येक वायरला टोक टेकवा. जिच्यावर लॅम्प लुकलुकतो ती दिव्याची. तिच्यावर लगेच टेपचा तुकडा चिकटवा. गाडी आधी कुणाच्या हातून गेली असेल, कुणी मधेच भलत्या रंगाची वायर जोडली असेल, तर कोणताही तक्ता कामाचा नाही, लॅम्पच खरं सांगतो.