प्रोस्टेटच्या ऑपरेशनला पाच महिने झाले, वडिलांची लघवी अजून गळते. कृत्रिम झडप बसवावी का?

तुम्ही लिहिलंय, काका म्हणतात 'वय झालं की चालायचंच.' हे वाक्य वाचलं म्हणूनच लिहितोय.

माझंही कॅन्सरमुळे अख्खं प्रोस्टेट काढलंय. लघवीची नळी काढल्यावर झोपेत कोरडा असायचो, पण खोकलो, शिंकलो, खुर्चीतून उठलो की गळायची. आमच्या दादांचं म्हणणं, पाणी तोड आणि चारचौघांत जाऊ नकोस. पुतणीच्या लग्नात मला वरच्या खोलीत बसवायचं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. मी पहिल्या रांगेत बसलो. गडद पँट, आत पॅड, पिशवीत जादाचे पॅड. अडचण आली ती हॉलच्या संडासात. पुरुषांच्या बाजूला कचऱ्याचा डबाच नाही! वापरलेला पॅड कागदात गुंडाळून घरी आणावा लागला. पुरुषालाही पॅड लागतो, हे कुणाच्या गावीच नाही.

आणि पाणी तोडायचं नाही. लघवी कडक होते, मूत्राशय चिडतं, घाई उलट वाढते. तोडायचाच तर चहा तोडा. दादांना हे अजून पटलेलं नाही.

यात वयाचा दोष नाही. प्रोस्टेटबरोबर लघवी धरणारा काही भाग जातो, मग खालच्या स्नायूला ते काम शिकवावं लागतं. नुसतं 'कीगल करा', म्हणजे तो स्नायू आवळायचा व्यायाम करा, म्हणून भागत नाही. मी महिनोन्महिने पोटच आवळत बसलेले लोक पाहिलेत. वायू रोखताना आवळतो ते आवळायचं, शिश्न आत ओढलं गेल्यासारखं वाटलं पाहिजे, पोट-मांड्या सैल, श्वास चालू. उठायच्या, खोकायच्या आधी आवळायचं. यातली जाणकार फिजिओथेरपिस्ट गाठा.

झडपेची घाई आत्ता नको. बहुतेकांचं वर्षभरात पुष्कळ सुधारतं. तोवर नीट व्यायाम करूनही फरक नसेल तर युरोलॉजिस्टशी बोला. थोडं गळत असेल तर स्लिंग, म्हणजे मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी; जास्त असेल तर झडप, म्हणजे मूत्रमार्गाभोवती बसवलेला, लघवी धरणारा पट्टा. तिचा पंप अंडकोशाच्या पिशवीत असतो. दाबला की मार्ग मोकळा होतो, काही मिनिटांत आपोआप बंद होतो. त्यासाठी बोटं धड चालायला हवीत, आणि काही वर्षांनी ती बदलावीही लागू शकते. रेडिएशन झालं असेल तर आधीच सांगा.

हे सगळं अख्खं प्रोस्टेट काढलेल्यांसाठी. लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून प्रोस्टेट नुसतं आतून खरवडलं असेल तर कारण वेगळं असू शकतं. ताप, जळजळ, रक्त किंवा धार बारीक होत असेल तर थांबू नका. हृदय-किडनीसाठी पाणी मोजून दिलं असेल तर डॉक्टरांचंच ऐका.

काकांचं मात्र ऐकू नका. वडिलांना लग्नकार्याला न्या, पुढे बसवा.