छावणीतलं पाणी

प्रश्न : युद्धामुळे विस्थापित झालेल्यांच्या छावणीत पाण्याचा हिशेब कसा करतात? लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आलं, तसंच काही?
– एक वाचक, औसा

उत्तर : स्फिअर निकषांप्रमाणे (आपत्तीतल्या मदतीचे आंतरराष्ट्रीय किमान निकष) पिणं, स्वयंपाक, अंघोळ-धुणं मिळून माणशी दिवसाला किमान १५ लिटर. एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, तेही नळ मिनिटाला साडेसात लिटर देतो असं धरून. दाब पडला की रांग लांबते नि लोक जवळच्या ओढ्याकडे वळतात. सुरुवातीला टँकरच, पण रस्ता बंद झाला की छावणी कोरडी, म्हणून बोअर लवकर घ्यावा. क्लोरीन टाकून अर्धा तास थांबायचं. नळाशी लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. गढूळ पाण्यात गाळच क्लोरीन खातो, तेव्हा आधी तुरटी. एवढं करूनही पाणी बिघडतं ते बहुधा तंबूतल्या उघड्या बादलीत. अरुंद तोंडाचे, झाकणाचे दोन कॅन द्यावेत : एक आणायला, एक साठवायला.