वय १९, नुकताच हॉस्टेलवर आलोय. घरी न सांगता समुपदेशकाकडे जाता येईल का?

हो, जाता येईल. १८ पूर्ण झाली की आई-बाबांची परवानगी लागत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवावी लागते. मोठा अपवाद म्हणजे कुणाच्या जिवाला धोका असणं. तेव्हा समुपदेशक गप्प बसणार नाहीत, आणि बसूही नये. पहिल्या भेटीतच ‘घरी काय कळवाल?’ असं सरळ विचारून घ्या. कॉलेजात समुपदेशक नसेल तर १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा: सरकारी, मोफत, २४ तास, मराठीतही. घर सुटल्यावर सुरुवातीला झोप उडते, मेसचं ताट तसंच राहतं, हे चालायचंच. पण दोनेक आठवड्यांनंतरही लेक्चरला उठवत नसेल, तर दिवाळीच्या सुट्टीची वाट बघू नका.