मार्टिन घिरट्या घालून परत जातात, कारण तुमचं झाड

तुम्ही लिहिलंय की डॅलसच्या घरामागे दोन सीझन घरट्यांसाठी सहा वाळवलेले भोपळे पोलवर टांगलेत, पर्पल मार्टिन पक्षी वरून घिरट्या घालून जातात आणि आत चिमण्याच राहतात. फोटो बघितला. पोल त्या पेकनच्या झाडापासून जेमतेम 20 फुटांवर आहे, तिथेच सगळं अडलंय. हा भिंगरीच्या कुळातला पक्षी, सरळ झेप घेत भोकाशी येतो, त्याला चहूबाजूंनी मोकळं आकाश लागतं आणि झाडात हॉक (शिकारी पक्षी) लपून बसतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. झाडापासून निदान 40 फूट, जमलं तर 60 ठेवा, पण घरापासून 100 फुटांच्या आतच, कारण माणसाजवळ त्याला सुरक्षित वाटतं. चॉक्टॉ, चिकासॉ या अमेरिकेच्या मूळ जमातींचे लोक पिढ्यानपिढ्या त्याच्यासाठी भोपळे टांगत आलेत, आणि आज रॉकी पर्वतांच्या पूर्वेला तो जवळपास पूर्णपणे आपण दिलेल्या घरांवरच अवलंबून आहे.

चिमणीचं घरटं काढताना आपला मराठी हात थबकतो, मलाही पहिल्यांदा फार जड गेलं. पण ही चिमणी इथे अमेरिकेत बाहेरून आणलेली, मार्टिनची अंडी फोडते, काढायला कायद्याने हरकत नाही. दर तीन-चार दिवसांनी भोपळे खाली घेऊन काढाच, फक्त घरटं चिमणीचंच आहे ना हे नीट बघा, रेन किंवा ब्लूबर्ड या इथल्या पक्ष्यांच्या घरट्याला हात लावायचा नाही. चंद्रकोरीच्या आकाराचं भोक केलंत तर स्टार्लिंग (साळुंकीच्या कुळातले पक्षी) अडतात, चिमण्या मात्र त्यातूनही शिरतात.

आणि प्लीज मार्चमध्ये हताश होऊन भोपळे उतरवू नका! फेब्रुवारीत येणारे जुने पक्षी आपापल्या जुन्या कॉलनीतच जातात, नवी जागा बहुतेक वेळा गेल्या वर्षीची पिल्लं घेतात आणि ती एप्रिल-मेमध्ये येतात. माझ्याकडे पहिली जोडी मेमध्येच आली. राखाडी छातीवर जांभळे ठिपके असलेला नर कितीतरी वेळ नुसतं डोकं आत घालून बसला होता, अंग बाहेरच, दुसऱ्या दिवशी चोचीत घरट्यासाठी हिरवं पान.

भोपळा म्हणाल तर मिरजेत तंबोऱ्याला लावतात त्याच जातीचा, वाळवून बाहेरून पांढरा रंग द्या, तळाला पाणी निघायला बारीक भोकं पाडा, आत मूठभर पाइनच्या सुया घाला.

पोलवर साप आणि रॅकून अडवणारा गार्ड मात्र पहिल्याच दिवशी लावा. मी उद्यावर ढकललं आणि एका रात्रीत पाचही अंडी गेली, सकाळी आत नुसती हिरवी पानं होती.