भ्रूणातल्या स्टेम सेल्सनी माझ्या भावाचा टाइप १ मधुमेह बरा होईल का? आणि त्यासाठी भ्रूण वापरणं पाप नाही का?

स्टेम सेल्स म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी. दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्यावरून आमच्या घरात रण माजलं होतं.

आयव्हीएफनं मुलगी झाली तेव्हा आमचे काही भ्रूण गोठवलेले उरले होते. दरवर्षी साठवणुकीचं बिल यायचं. शेवटी क्लिनिकनं फॉर्म पुढे केला: ठेवायचे, दुसऱ्या जोडप्याला द्यायचे, संशोधनाला द्यायचे की टाकायचे? मी संशोधनावर टिक केली. घरी कळलं तसे थोरले भाऊजी भरल्या ताटावरून उठले. "घराण्याचं बीज प्रयोगशाळेत चिरायला देणार? ही भ्रूणहत्याच!" सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. नवरा आमटीत भात कालवत राहिला. मी विचारलं, मग टाकून दिले तर चालतील का? तर म्हणे, ते वेगळं. काय वेगळं, ते आजतागायत कळलेलं नाही.

पुढे क्लिनिकनंच हात वर केले, कुठल्याच प्रयोगशाळेशी त्यांचं बोलणं नव्हतं म्हणे. भ्रूण टाकूनच दिले गेले. तेव्हा मात्र भाऊजींनी चकार शब्द काढला नाही.

अहो, तो पाच दिवसांचा भ्रूण म्हणजे शंभर-दोनशे पेशींचा ठिपका. ना मज्जातंतू, ना हृदय. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा आपला २०२१चा एआरटी कायदासुद्धा जोडप्याची संमती असेल तर असे भ्रूण संशोधनाला देऊ देतो. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं भ्रूणापासून पेशीरेषा, म्हणजे प्रयोगशाळेत वाढत राहणाऱ्या पेशींचे वंश, तयार केल्या, त्या कुणीतरी भ्रूण दिले म्हणूनच ना? पाप म्हणायचंच तर कामाची वस्तू कचऱ्यात घालण्याला म्हणा.

आता तुमचा भाऊ. हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या दोन्ही मुलांना टाइप १ आहे. त्यांनी २००४ साली आयव्हीएफमधून उरलेल्या भ्रूणांपासून १७ पेशीरेषा तयार केल्या, तेही खासगी पैशावर, कारण बुश सरकारनं नव्या पेशीरेषांसाठी सरकारी निधी बंद केला होता. २०१४ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेनं स्टेम सेल्सपासून इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी घडवल्या. तोच धागा पुढे व्हर्टेक्स कंपनीच्या झिमिसलसेल या पेशी-उपचारापर्यंत गेला. या पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सोडतात, त्या तिथेच मुक्काम करतात आणि साखर बघून इन्सुलिन सोडतात. जून २०२५ मध्ये निकाल आले: पूर्ण डोस मिळालेल्या १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभरानंतर बंद होतं. त्या फॉर्मवरून घरात भांडणाऱ्यांना हे दाखवावंसं वाटतं!

पण "मधुमेहावर स्टेम सेल" असे फलक लावणाऱ्यांच्या दारात जाऊ नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं फक्त वैद्यकीय चाचणीतच करता येतं. अशा चाचण्यांची सरकारी नोंदवही असते, सीटीआरआय; तिच्यातला नोंदणी क्रमांक मागा. उपचाराचे पैसे मागितले तर उठून या. मागच्या दिवाळीत गुडघ्यातल्या स्टेम सेल इंजेक्शनची जाहिरात मला कुणी पाठवली असेल? भाऊजींनीच. त्या पेशी कुणाच्या, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

हो, एक राहिलंच. झिमिसलसेलच्या पेशी परक्या, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच ठेवावी लागतात, आणि चाचणीत एकजण मेनिंजायटिसनं दगावलाही. घेतले होते तेही साखर कळायच्या आत धोकादायक घसरणारेच रुग्ण. भावाचं तसं होत नसेल तर सध्या त्याला इन्सुलिनच बरं.