अंदमानची फोटो-टूर : पैसे परत मिळतील का, आणि फोटो कुणाचा?

प्रश्न : मी सांगलीत शिक्षिका आहे, फोटोग्राफी हा छंद. गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याच्या एका आयोजकाबरोबर सात दिवसांच्या अंदमान फोटो-टूरला गेले. विमानभाडं सोडून ७४,००० रुपये भरले. माहितीपत्रकात लिहिलं होतं : गट फक्त बारा जणांचा, एका नावाजलेल्या छायाचित्रकाराचं मार्गदर्शन, आणि रात्री समुद्रकिनाऱ्यावर आकाशगंगेच्या गाभ्याचं चित्रण. प्रत्यक्षात आम्ही एकवीस जण होतो आणि त्या छायाचित्रकारांच्या जागी त्यांचा साहाय्यक आला. समुद्र खवळल्याने बोट रद्द होऊन एक दिवस पोर्ट ब्लेअरमध्येच गेला. शहीद द्वीपवरच्या नैसर्गिक पुलापाशी आम्हाला दुपारी साडेबाराला, भर भरतीत नेलं. पुलाजवळ जाताच आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच रिक्षा करून ओहोटीत गेले, फोटो काढला आणि टूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तोच फोटो आता आयोजकाचा लोगो लावून पुढच्या टूरच्या जाहिरातीत आहे. ते म्हणतात, ‘टूरमधले फोटो आमचे, फॉर्मवर तुम्ही टिक केली आहे. परतावा कोणत्याही कारणाने नाही. वाद असेल तर पुण्याच्या कोर्टात या.’ काय करावं?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दोन वेगवेगळी भांडणं आहेत. ती एकाच अर्जात घालू नका. पैशाचं भांडण ग्राहक आयोगात जातं, फोटोचं दिवाणी न्यायालयात.

आधी पुण्याच्या कोर्टाचं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे सांगलीतच. सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीचं शुल्क शून्य. वकील केलाच पाहिजे असंही नाही (हे लिहिताना माझे व्यवसायबंधू रागावतील). मुदत दोन वर्षांची आहे, पण तोवर थांबू नका. तुम्ही हौशी फोटोग्राफर, पोटापाण्याला शिक्षिका. त्यामुळे ‘व्यावसायिक हेतूने घेतलेली सेवा’ हा त्यांचा बचाव चालणार नाही.

‘परतावा नाही’ या अटीवर तुमचा राग आहे, तो रास्त आहे. पण ती अट अन्याय्य करार म्हणून रद्द करा अशी मागणी लिहू नका. अन्याय्य कराराच्या तक्रारी राज्य आयोगाकडे जातात आणि तुमचं प्रकरण विनाकारण सांगलीबाहेर पडेल. सेवेतली त्रुटी एवढंच लिहा. कबूल केलेली सेवा दिली नाही, तर ‘परतावा नाही’ छापून सुटका होत नाही.

आता त्रुटी कोणती आणि नाही कोणती. बोट रद्द झाली, ती आयोजकाची चूक नाही. तो दिवस तक्रारीत ओढलात तर बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचं वजन घटेल. फक्त एवढं विचारा, की बोट कंपनीने तिकिटाचे पैसे परत दिले का, आणि दिले असतील तर ते तुम्हाला का मिळाले नाहीत. बाराच्या जागी एकवीस माणसं, आणि ज्यांच्या नावावर टूर विकली ते आलेच नाहीत, ही मात्र सरळ त्रुटी. माहितीपत्रक हाच पुरावा.

पुलाची गोष्ट मला सगळ्यात भक्कम वाटते. तो प्रवाळी खडकाचा पूल ओहोटीतच जवळून दिसतो, हे तिथला रिक्षावाला सांगतो. भरती-ओहोटीच्या वेळा आधीच छापलेल्या मिळतात. आपल्याकडचा कोळी तर नुसत्या तिथीवरून सांगेल. फोटोग्राफीची टूर म्हणून पैसे घेणाऱ्याने हे बघितलं नाही, तर त्याला निसर्गाचा कोप म्हणता येत नाही. वर साडेबाराचं ऊन.

आणि आकाशगंगेचा गाभा डिसेंबरअखेर! तो धनु राशीच्या दिशेला आहे आणि तेव्हा सूर्यच धनु राशीत असतो. धुंधुर्मास म्हणतात तो हाच. गाभा सूर्याबरोबर उगवतो नि मावळतो, रात्री दिसणार कुठून? ढग असोत वा नसोत, हे वचन पाळणं शक्यच नव्हतं. दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून हा मुद्दा स्वतंत्र परिच्छेदात मांडा.

सगळे ७४,००० मात्र मागू नका. राहिलात, जेवलात, बोटीतून फिरलात. आयोग ते वजा करणारच. मी असतो तर पंचवीस-तीस हजारांचा परतावा, वर मनस्तापाची भरपाई आणि खर्च मागितला असता.

आता फोटो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा, आणि पहिला मालक साधारणपणे तोच. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी काढलं किंवा नोकरीत काढलं तर गोष्ट वेगळी. इथे पैसे तर तुम्हीच दिलेत! ‘आम्ही शिकवलं’ म्हणून मालकी येत नाही. मालकी द्यायची तर कलम १९ प्रमाणे तुमच्या सहीचा लेखी दस्त लागतो. ‘सगळे फोटो आमचे’ हा त्यांचा ग्रुपवरचा मेसेज म्हणजे दस्त नव्हे.

फॉर्मवरची टिक हीच काय ती अडचण. तिथले नेमके शब्द पाहायला हवेत. ‘टूरमधील छायाचित्रे प्रसिद्धीसाठी वापरू’ एवढंच असेल, तर त्याचा अर्थ त्यांनी तुमचे काढलेले फोटो असाही होतो, आणि संदिग्ध अट लिहिणाऱ्याच्या विरोधात वाचली जाते. शिवाय ती सकाळ टूरच्या कार्यक्रमात नव्हतीच. आणि वापराची परवानगी होती असं धरलं तरी नाव गाळून स्वतःचा लोगो लावण्याची नव्हती. कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क कलम ५७ ने तुमच्याकडे वेगळा ठेवला आहे. दावा करायची वेळ आली तर कलम ६२ प्रमाणे तोही सांगलीच्या जिल्हा न्यायालयात करता येतो. पोलिसांत धाव घेऊ नका, आधी नोटीस. जाहिरात काढा, वापराचं मानधन द्या, नाव जाहीर करा, पंधरा दिवसांत. स्पीड पोस्ट आणि ईमेल, दोन्हीने. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, तारीख आणि लिंक दिसतील असे, नोटीस जाण्याआधी काढून ठेवा. नोटीस पोचली की जाहिरात गायब होईल.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय, की बाराटांगच्या रस्त्यावर एका सहप्रवाशाने गाडीतून जारवा आदिवासींचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. हे ओझरतं नाही. १९५६ च्या आदिवासी संरक्षण विनियमाखाली २०१२ पासून अशा छायाचित्रणाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जिरकाटांगच्या नाक्यावर पाट्या लावलेल्या आहेत, त्या उगाच नाहीत. तो फोटो कुणालाही पाठवू नका. पुराव्यासाठी ग्रुपमधलं संभाषण बाहेर काढाल तेव्हा ‘मीडियाशिवाय’, म्हणजे फोटो-व्हिडिओ वगळून काढा, आणि या एका गोष्टीसाठी प्रत्यक्ष वकिलाला भेटा.

राहिलं तुमचं मेमरी कार्ड. ग्रुपवर गेलेली प्रत दाबून लहान केलेली असते. मूळ रॉ फाइल, वेळ आणि कॅमेऱ्याच्या नोंदीसह, फक्त तुमच्याकडे आहे. तिची प्रत दोन ठिकाणी करा, कार्ड फॉरमॅट करू नका. आणि आदल्या दिवशीचे दुपारी साडेबाराचे, नुसतं पाणी आलेले ते फसलेले फोटो उडवले नसतील तर फार बरं. आयोगात पहिल्यांदा तेच दाखवायचे आहेत.